पोटातले विरजण

मंडळी, मथळा वाचून ही पाककृती आहे असे समजू नका. मी डॉक्टरही नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिच्यापायी जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

झाले असे. मला पडसे झाले. घरच्या औषधांच्या डब्यात कोणाच्या तरी मागच्या दुखण्यातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या. तास बुडायला नकोत, म्हणून तीन दिवस त्याच घेतल्या. पडसे आपल्या सवडीने आठवड्याने गेले. पण पोट जे बिघडले, ते पंधरा दिवस ठिकाणावर आले नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "गोळ्या कोणी दिल्या?" म्हटले, "मीच घेतल्या." ते म्हणाले, "तुमच्याकडे दही कोण लावतं?" "आई." "मग आईंना विचारा, उकळत्या दुधात विरजण घातलं तर काय होतं!"

आईला विचारले. ती म्हणाली, "अरे, एवढा शिकलास आणि हे ठाऊक नाही? विरजण मरतं. मग दही कसलं लागतंय!"

आता यातला अर्थ पाहा. विरजण म्हणजे जिवंत जीवाणूच. असेच जीवाणू, पण शेकडो जातींचे, आपल्या मोठ्या आतड्यात वस्तीला असतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला, तेव्हा एका माणसाच्या अंगावरचे व अंगातले जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी भरले, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यातले बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यातले. वजन म्हणाल तर सगळे मिळून पाव किलोच्या आतच.

हे भाडेकरू फुकट राहत नाहीत. भाकरीतला कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू आपल्याला पचत नाहीत. ते जीवाणू आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या सौम्य आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. 'के' जीवनसत्त्व थोडेबहुत ते तयार करतात. शिवाय जागा अडवून बसलेले असल्यामुळे उपद्रवी जंतूंना सहसा पाय रोवू देत नाहीत. शेतात पीक दाट असले की तणाला वाव मिळत नाही, तसेच हे.

ही वस्ती जन्मापासून बसू लागते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या उपकारक जीवाणूंसाठी! लेकराबरोबर त्याच्या सोबत्यांचेही पोट भरण्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे.

मग अँटिबायोटिक वाईट का? मुळीच नव्हे. १९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली त्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला. या औषधांनी न्यूमोनियासारख्या दुखण्यांतून असंख्य माणसे वाचली. पण औषधाला शत्रू आणि मित्र ओळखता येत नाही. पीक आणि तण दोन्ही जाळणारी फवारणी केली, तर मोकळ्या रानात पहिले काय उगवते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. पोटातही तेच घडते. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या एका भयंकर रोगामागे 'डिफिसिल' नावाचा जीवाणू असतो, हे १९७८ साली सिद्ध झाले. आणि साधे पडसे होते विषाणूंमुळे. त्यांच्यावर ही औषधे चालतच नाहीत. म्हणजे माझ्या गोळ्यांनी चोर सोडून घरच्या राखणदारांनाच मारले.

कोणी म्हणेल, दही खाल्ले की झाले! शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनाही तसेच वाटले होते. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवलेल्या या थोर माणसाचे मत असे, की आंबवलेल्या दुधातल्या जीवाणूंनी आयुष्य वाढते. पुढे दिसून आले, की दह्यातले जीवाणू आतड्यात कायमचे राहत नाहीत. ते पाहुणे, आले, दोन दिवस राहिले, गेले. दही-ताक चांगले अन्न आहे, जरूर घ्या; पण खरी वस्ती टिकते ती चाऱ्यावर. तो चारा म्हणजे ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, सालीसकट डाळी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या. मैद्याच्या बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलाच्या पोटातले हे सोबती उपाशीच राहतात.

तेव्हा एवढे करा. उरलेल्या गोळ्या घेऊ नका, शेजाऱ्याला देऊ नका. गोळ्यांच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्या मागू नका. डॉक्टरांनी दिल्या, तर सांगतील तितकेच दिवस घ्या. मनाने कमी नाही, जास्त नाही. आणि 'जीवाणू चांगले' म्हणून हात धुणे सोडू नका. गढूळ पाण्यातून येतात ते मित्र नव्हेत. जुलाबात रक्त दिसले, ताप आला किंवा तान्हे मूल मलूल झाले, तर घरी न थांबता दवाखाना गाठा.

गुरुजींना एक विनंती. वर्गात दोन वाट्यांत दूध घ्या, एक कोमट, एक उकळते. दोन्हींत चमचाभर विरजण टाका, झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मुलांनाच झाकण काढू द्या. मुले घरी जाऊन सांगतील, आणि मुलांनी सांगितलेले घरात ऐकले जाते.

आमच्या डब्यात आता उरलेल्या गोळ्या नाहीत. आई मात्र पूर्वीसारखीच रोज रात्री दुधाच्या भांड्याला हात लावून पाहते, आणि कोमट झाल्याशिवाय विरजण घालीत नाही.