जिलेबी पाक कधी पिते?

26 जानेवारीला ध्वजवंदन उरकलं की पलूसच्या बाजारात जिलेबीच्या कढईभोवती गर्दी होते. शेजारच्या कुंडलला तेव्हा कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात असतो, म्हणजे साखरही घरचीच म्हणायची! जिलेबी जमली की शाबासकी कढईला मिळते. माझ्या मते ती जमते किंवा फसते पाकात पडल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत. आंबवलेल्या मैद्यात यीस्ट आणि जिवाणूंनी सोडलेल्या वायूचे बारीक बुडबुडे असतात. तेलात पडताच आसपासच्या पाण्याची वाफ त्यांत शिरते, बुडबुडे फुगतात आणि कवच घट्ट होईतो कडं आतून पोकळ होतं. वाफ पाण्याच्या 1,600 पटींहून अधिक जागा व्यापते. तीच जिलेबी तेलाहून कितीतरी कमी गरम पाकात बुडाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पोकळीतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाकाला आत रेटते. तळताना वाफ बाहेर पडत असल्यामुळे तेल फारसं आत जात नाही. तेल ओढलं जातं ते मुख्यतः कढईतून काढल्यावर. म्हणून हलवाई झारा जेमतेम झटकून जिलेबी लगेच पाकात सोडतो. रेंगाळला, तर पाकाच्या जागी तेल बसणार.

यावर कुणी म्हणेल, गुलाबजाम तर तासन्तास मुरतो, मग घाई कसली? पण गुलाबजामला जपायचं कवचच नाही, आणि त्याचा पाकही पातळ. जिलेबी तेवढा वेळ ठेवली तर पाकातलं पाणी कवचात उतरून ती लिबलिबीत होते. एकतारी पाकात मोकळं पाणी कमी असतं, म्हणून थोडक्यात निभावतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तुर्कस्तानात तुलुंबा ही उकडीसारख्या शिजवलेल्या पिठाची मिठाई तळून गरमागरम थंड पाकात टाकतात. निवण्यानेच पाक शिरत असेल, तर आपणही पाक थंड का ठेवू नये? कारण तुलुंबाचा पाक पातळ असतो. आपला एकतारी पाक निवला की इतका दाट होतो की बारीक छिद्रांतून सरकतच नाही. जानेवारीच्या गारठ्यात तो मंद आचेवर राखावा लागतो तो त्यासाठीच. लिंबू मात्र दोन्हीकडे पिळतात: आम्लामुळे काही साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, पाकाचे खडे बनत नाहीत. पण फ्रुक्टोज हवेतला ओलावाही ओढतं, त्यामुळे 15 ऑगस्टची जिलेबी 26 जानेवारीच्या जिलेबीपेक्षा लवकर मऊ पडते.