संगणक तापून बंद का पडतो?

सवच्या कुंडातलं पाणी तापतं जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं. आपल्या ग्रामसंघाचा संगणक मात्र बहुतेक वेळा धुळीनं तापतो.

एक-दोन नोंदी करेपर्यंत तो नीट चालतो. महिनाअखेरीला सगळ्या गटांचे हिशेब, फोटो, छपाई एकदम लावली की पटकन बंद! सेव्ह न केलेली हप्त्यांची नोंदही जाते. काम वाढलं की आतला प्रोसेसर तापतो आणि १०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो.

प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि पंखा असतो. पट्ट्यांमध्ये धूळ, चुलीची राख, भाताचं तूस बसलं की वारा लागत नाही. बटण बंद करून वायर काढा, सीपीयूचा डबा निवू द्या. झाकण उघडून मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. झाडताना पंख्याचं पातं बोटानं धरा. ओलं फडकं अजिबात नको. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, त्यावर विणलेला रुमाल घालू नका, कितीही सुंदर असला तरी.

पुन्हा सुरू केल्यावर पंखा फिरत नसेल तर तो बदलावा लागेल. फिरतोय, तरी संगणक तापतोय? मग प्रोसेसर आणि ठोकळ्यामधली पेस्ट वाळली असेल. ती मेकॅनिककडून बदलून घ्या. तो थेट नवा संगणक घ्या म्हणाला, तर आधी पेस्ट आणि पॉवर सप्लाय तपासलात का, असं विचारा. पॉवर सप्लाय आपण उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.