विश्लेषण : कॉलेजात चाललेला ‘सी’चा प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर का अडतो?

टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर बिनतक्रार चाललेला, जर्नलमध्ये सहीही मिळालेला प्रोग्रॅम. तोच ‘जीसीसी’च्या नव्या आवृत्तीवर टाकला की एररची रांग लागते. कोड चुकीचा होता, की कंपायलर कडक झाला? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

नियम ठरवते कोण?

भाषेचे नियम मानकात लिहिलेले असतात, कंपायलरने ते पाळायचे असतात. ‘सी’चे पहिले मानक अमेरिकेत १९८९ मध्ये आले, ‘आयएसओ’ने ते १९९० मध्ये स्वीकारले. ‘सी प्लस प्लस’चे थेट १९९८ मध्ये. टर्बो सी प्लस प्लस त्याच्याही आधीचा. म्हणूनच त्यातले ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ आज चालत नाही. ‘कोनिओ डॉट एच’ तर मानकात कधीच नव्हते.

२५ वर्षांची सवलत

जुन्या ‘सी’मध्ये फंक्शन आधी जाहीर न करताच वापरता येत असे. ते ‘इंट’ परत करते, असे कंपायलर गृहीत धरायचा. १९९९ च्या मानकाने ही मुभा काढली. तरी जीसीसी फक्त वॉर्निंग देत राहिला, कारण एरर दिली असती तर असंख्य जुने प्रोग्रॅम बिल्ड होणेच थांबले असते.

पण ही सवलत महागात पडते. ६४ बिट लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटचा, ‘इंट’ ४ बाइटचा. जाहीर न केलेल्या फंक्शनने पॉइंटर परत केला, तर अर्धा पत्ता कापला जातो आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. वॉर्निंग कोण वाचतो? अखेर ‘क्लँग १६’ने २०२३ मध्ये आणि ‘जीसीसी १४’ने मे २०२४ मध्ये ही थेट एरर केली.

प्रत्येक फरक म्हणजे नियमभंग का?

नाही. टर्बो सीमध्ये ‘इंट’ २ बाइटचा, जीसीसीत साधारणपणे ४ बाइटचा. मानक फक्त किमान मर्यादा सांगते, त्यामुळे दोन्ही बरोबर. तोंडी परीक्षेतले ‘इंट म्हणजे २ बाइट’ हे पाठ उत्तर मात्र अर्धवट.

कधी मानकालाच माघार घ्यावी लागते. ‘सी प्लस प्लस’मधील टेम्प्लेटसाठीची ‘एक्स्पोर्ट’ सुविधा इतकी किचकट होती की बहुतेक कंपायलरनी ती दिलीच नाही. २०११ च्या मानकातून ती काढून टाकण्यात आली.