इंजिनिअर मुलाला डॉक्टर व्हायचंय…

इफ्तार आटोपते, दस्तरखान उचलला जातो. तरावीहच्या नमाजला निघण्याआधी पुण्याहून रमजानसाठी आलेला मुलगा हळूच म्हणतो, "अब्बा, मला डॉक्टर व्हायचंय." अब्बांच्या हातातला चहा तसाच राहतो. कापसाचे पैसे घालून पोराला इंजिनिअर केलेलं असतं. "मग ती चार वर्षं?" हा प्रसंग मानवतमध्ये कुणाच्याही घरी घडू शकतो. शेजारच्या घरात तो दिवाळीच्या फराळावर घडेल, इतकाच फरक.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, पदवीधराला थेट दुसऱ्या वर्षात घेतात. कुणी म्हणतं, आता वय गेलं. दोन्ही खरं नाही.

अमेरिकेत आधी पदवी आणि मग मेडिकल, म्हणून तिथे इंजिनिअरही अर्ज करतात. आपल्याकडे पाया बारावीचा. इंजिनिअरिंगच्या पदवीला एमबीबीएसच्या प्रवेशात गुण नाहीत, तसा अडथळाही नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण हवेत. ज्याने गणिताबरोबर बायोलॉजीही ठेवलं होतं, त्याची वाट मोकळी आहे.

बायोलॉजी सोडलेल्यांसाठी पूर्वी दार बंद होतं. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते उघडलं. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून बायोलॉजी हा अतिरिक्त विषय घेऊन पास झालेल्यांनाही आता नीट देता येते. वयाची वरची मर्यादा तर मार्च २०२२ मध्येच निघाली. त्याआधी २०२० मध्ये ओडिशाचे निवृत्त बँक अधिकारी जयकिशोर प्रधान यांनी ६४ व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला होता.

खरी कसोटी नीटची. एकूण ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे. इंजिनिअरला फिजिक्सची भीती कमी, पण निम्मा पेपर त्याने कित्येक वर्षांत न उघडलेल्या पुस्तकातला असतो. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. पेपर मराठीत आणि उर्दूतही मिळतो. परदेशात एमबीबीएस करायचं म्हटलं तरी नीट पास व्हावीच लागते. त्यामुळे "नीटशिवाय सीट" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच सलाम करावा.

आता अब्बांचा हिशेब. बाविसाव्या वर्षी इंजिनिअर, एक वर्ष तयारी, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. म्हणजे पहिल्याच प्रयत्नात जमलं तरी एकोणतिशीच्या आसपास डॉक्टर, आणि एमडी करायचं तर आणखी तीन वर्षं. तोवर घर कोण चालवणार, बहिणीच्या लग्नाचं काय, हे प्रश्न लहान नाहीत. सरकारी जागा मिळाली तर फी झेपते. परभणीला २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू आहे. खासगी कॉलेजसाठी शेत विकावं लागणार असेल, तर आधीच थांबलेलं बरं.

रोजा नियतीने सुरू होतो. इथेही पहिला प्रश्न तोच. मनासारखी नोकरी मिळाली नाही म्हणून डॉक्टर व्हायचं, की रुग्णाजवळ बसावंसं वाटतं म्हणून? दवाखान्यातल्या यंत्रांची ओढ असेल, तर बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एमटेकचा रस्ता जवळचा आहे. ओढ माणसाची असेल, तर उशीर हे कारण होत नाही. देवी आणि गोवर यांतला फरक लिहून ठेवणारे हकीम अबू बक्र अल-राझी आधी रसायनविद्येत रमले होते आणि वैद्यकाकडे उशिरा वळले, असं जुने चरित्रकार सांगतात.

बापलेकांनी एकत्र बसून एक मुदत ठरवावी. एक वर्ष, फार तर दोन. तेवढ्यात जमलं नाही तर पदवी हाताशी आहेच. आणि आजपासून सुरुवात करायची तर सहरीनंतर घर शांत असतं. अकरावीचं बायोलॉजी तेव्हा उघडता येईल.