तीनशे प्रतींचं संगीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी ज्या संगीताबद्दल बोलणार आहे, ते आपण रेडिओवर ऐकलेलं असण्याची शक्यता फार कमी. आणि चुकून लागलंच, तर निम्मे श्रोते रेडिओ बिघडला असं समजून खरखर काढायला उठतील. या संगीताला 'मेटल' म्हणतात. गिटारचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवलेला, ड्रमवर सेकंदाला दहा-बारा ठोके, आणि गाणारा गातोय की गुरगुरतोय असा प्रश्न पडावा असा त्याचा गळा. 1970 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातून 'ब्लॅक सबाथ'ची पहिली तबकडी आली, तिथून या प्रवाहाची सुरुवात मानतात. मी मात्र आज बोलणार आहे ते फ्रान्समधल्या मेटलबद्दल, आणि त्यातही भूमिगत म्हटल्या जाणाऱ्या गटांबद्दल.

माझा भाचा हे संगीत ऐकतो. त्याने मागवलेली एक फ्रेंच तबकडी मी हातात घेऊन पाहत होतो. मागे छापलं होतं : एकूण प्रती तीनशे, त्यातली ही एकशे सतरावी. मला माझा पहिला कवितासंग्रह आठवला. पाचशे प्रती, छपाईचा खर्च माझा, आणि पिशवीत घालून त्या मित्रांच्या घरी पोचवण्याचं कामही माझंच. ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही ते माणसं का करतात, हा प्रश्न मला कवितेने कधीच शिकवून ठेवला आहे. ते कसं करतात, हे या फ्रेंच मंडळींकडून समजून घ्यावंसं वाटलं.

'भूमिगत' या शब्दाने दचकू नका. इथे पोलिसांपासून लपणं नाही. रेडिओ नाही, दूरदर्शन नाही, मोठी कंपनी नाही, एवढाच त्याचा अर्थ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनीतल्या ब्रेस्त या बंदराच्या शहराभोवती काही तरुण जमले. 'ले लेजियाँ न्वार', म्हणजे काळ्या पलटणी, असं त्यांनी स्वतःला म्हणवून घेतलं. घरच्या घरी कॅसेटवर ध्वनिमुद्रण करायचं, मोजक्या प्रती काढायच्या, त्यातल्या काही तर फक्त ओळखीच्यांनाच द्यायच्या, असा त्यांचा खाक्या. यातल्या एकाने तर गाण्यांसाठी स्वतःची वेगळी भाषाच रचली. फ्रान्समध्ये हे नवं नव्हतं. क्रिस्तियाँ व्हांदेर या ड्रमवादकाच्या 'माग्मा' या गटाने 1970 सालच्या पहिल्याच तबकडीत 'कोबायन' नावाची कल्पित भाषा गायली होती. माग्मा मेटल नव्हे, पण चालत्या बाजाराकडे पाठ फिरवायची रीत तीच.

भाषेचा हा प्रश्न माझ्यासारख्याला सर्वांत जवळचा. फ्रेंच सरकार भाषेबाबत जागरूक. 1994च्या कायद्याने रेडिओवर किमान चाळीस टक्के गाणी फ्रेंच भाषेतली हवीत अशी अट घातली आणि 1996पासून ती अमलात आली. पण मेटल रेडिओवर लागतच नाही, तर त्या चाळीस टक्क्यांचा उपयोग काय? बहुतेक गट इंग्रजीत गातात, कारण त्यांचे श्रोते जर्मनीत, अमेरिकेत, जपानमध्ये विखुरलेले. फ्रेंचमध्ये गाऊन नाव मिळवणारेही आहेत. पॅरिसच्या 'ट्रस्ट' या गटाचं 'आंतिसोसियाल' हे 1980 सालचं गाणं घराघरांत पोचलं, आणि 1988 साली 'अँथ्रॅक्स' या अमेरिकन गटाने ते उचललं. 'आल्सेस्त' या गटाचा नेज हा गायक तर बालपणी दिसलेल्या कुठल्याशा दुसऱ्या जगाबद्दल फ्रेंचमध्ये इतक्या हळुवारपणे गातो, की हे मेटल आहे यावर माझा विश्वास बसेना.

आता गळ्याबद्दल. ती गुरगुर म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात. एरवी बोलताना त्या कामाला येत नाहीत. मेटल गाणारा श्वासाचा दाब सांभाळून त्या घड्यांना कंप देतो. तंत्र न शिकता केलं तर गळा बसतो. नीट शिकलेला गायक रात्रीमागून रात्री गाऊ शकतो.

तर असा गट नवं संगीत बाहेर काढतो म्हणजे काय करतो? आधी भाड्याच्या खोलीत महिनोन् महिने सराव, तोही दिवसाची नोकरी आटोपून. मग ध्वनिमुद्रण. सहसा सगळे एकत्र वाजवत नाहीत. आधी ड्रम, मग गिटार, शेवटी आवाज, असे थर रचले जातात. त्यानंतर कोण किती ऐकू यायला हवं याचा मेळ घालायचा. मग ग्रामोफोनच्या तबकडीसाठी लाखेसारखा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर सुई खोबण कोरते. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर निकेल चढवून साचा बनतो, आणि तापवलेल्या प्लॅस्टिकवर तो दाबला की तबकडी तयार. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट बसतात. खर्जाचा जोर जितका जास्त तितकी खोबण रुंद आणि मिनिटं कमी. म्हणजे कवीला जशी पानांची मर्यादा, तशी यांना खोबणीची.

या साखळीतली एक कडी तुटली तर काय होतं, हे 2020च्या फेब्रुवारीत कळलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावात या लेपाच्या चकत्या बनवणारा कारखाना जळाला. जगात असे कारखाने दोनच होते, दुसरा जपानमध्ये. त्यातच कोरोनाची साथ आणि जुन्या तबकड्यांची नव्याने वाढलेली हौस. रांगा महिनोन् महिने लांबल्या. हजारोंनी प्रती मागणाऱ्या कंपन्यांपुढे तीनशेवाल्याला कोण विचारणार?

खर्च भरून निघतो का? ऑनलाइन ऐकण्यातून एका वेळेला एका सेंटचा काही अंश मिळतो. म्हणून भूमिगत गटांचा भर 'बँडकॅम्प'सारख्या दुकानावर. 2008 साली सुरू झालेलं हे दुकान डिजिटल विक्रीतले पंधरा आणि वस्तूंच्या विक्रीतले दहा टक्के घेतं, बाकीचे गटाकडे जातात. साथीमुळे मैफली बंद पडल्या तेव्हा मार्च 2020मध्ये त्याने एक दिवस आपला वाटा सोडला, आणि पुढे असे अनेक शुक्रवार झाले. शिवाय मैफलीच्या दाराशी मांडलेलं टेबल असतंच. टी-शर्ट, कापडी बिल्ले, तबकड्या. गाडीचं पेट्रोल पुष्कळदा टी-शर्टांवरच निघतं.

फ्रान्समध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिचा मला हेवा वाटतो. तिथे कलावंत आणि तंत्रज्ञांसाठी बेकारी भत्त्याची खास व्यवस्था आहे. 1936 साली ती सिनेमाच्या कामगारांसाठी सुरू झाली आणि पुढे संगीतकारांपर्यंत पोचली. वर्षाला 507 तास काम दाखवलं की मधल्या रिकाम्या दिवसांसाठी भत्ता मिळतो. एक मैफल बारा तासांची धरतात, म्हणजे वर्षाला त्रेचाळीस मैफली. 2003 साली या व्यवस्थेत काटछाट झाली, तेव्हा कलावंतांच्या संपापुढे आव्हिन्याँचा जगप्रसिद्ध नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला. पण मेख अशी, की या त्रेचाळीस मैफली रीतसर मानधनाच्या हव्यात. दारू विकणाऱ्या छोट्या कॅफेत तिकिटाच्या वाट्यावर वाजवणाऱ्या गटाला त्या कुठून जुळणार? म्हणून भूमिगत गटातले बहुतेक जण कुठेतरी नोकरी करतात आणि रजेच्या दिवसांत दौरा आखतात.

हक्काच्या पैशाची गोष्ट तर गमतीदार आहे. 1847 साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बुर्जे हा गीतकार आणि त्याचे संगीतकार मित्र बसले होते. तिथे त्यांचीच गाणी वाजत होती. बुर्जेने साखरपाण्याचे पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझ्या गाण्याचे देत नाही, मग मी तुमच्या साखरपाण्याचे का देऊ? प्रकरण कोर्टात गेलं, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यातूनच 1851 साली 'सासेम' ही रचनाकारांची संस्था उभी राहिली. आजही फ्रान्समधला छोट्यातला छोटा गट तिथे आपली रचना नोंदवू शकतो.

आता थोडं अप्रिय बोलतो. अंधारात जसं स्वातंत्र्य वाढतं, तसं विषही वाढतं. 1996 साली तुलाँ शहराच्या दफनभूमीत काही तरुणांनी एका मृत स्त्रीची कबर उकरून विटंबना केली. ते या संगीताच्या नादातले होते, आणि अख्खं मेटल त्या एका घटनेने बदनाम झालं. तो अन्याय होता. पण 'ब्लॅक मेटल'च्या एका कोपऱ्यात वंशद्वेषाचं उघड गाणं गाणारेही आहेत, हे खोटं नाही. काही रसिक म्हणतात, सूर ऐकावा, शब्द सोडून द्यावेत. मला ते जमत नाही. माझ्यासारख्या नावाच्या माणसाने या देशात राहू नये, असं जो गातो त्याची गिटार कितीही सुंदर असली तरी मी तबकडी खाली ठेवतो. शब्द सोडून द्यायला मी कवी झालो नाही. समाधान एवढंच, की भूमिगत जगातच याविरुद्ध बोलणारे गट, आयोजक आणि श्रोतेही आहेत.

आणि अंधारातून वर आलेलेही आहेत. 1996 साली बायोनजवळच्या ओंद्र या छोट्या गावात जो आणि मारिओ दुप्लांतिये या भावांनी दोन मित्रांसह 'गॉडझिला' नावाचा गट काढला. कायद्याच्या अडचणीमुळे नाव बदलून त्याच राक्षसाचं जपानी नाव घेतलं, 'गोजिरा'. पहिली तबकडी 2001 साली स्वतःच्या हिमतीवर निघाली. 2005च्या 'फ्रॉम मार्स टू सिरियस'ने त्यांना परदेशात नेलं. त्यांच्या गाण्यांत देवमासे आहेत, तुटणारी जंगलं आहेत, मृत्यू आहे. 26 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात, मारी आंत्वानेतला जिथे कैदेत ठेवलं होतं त्या काँसिएर्जरीच्या भिंतीवर उभं राहून त्यांनी मारिना व्हियोती या ऑपेरा गायिकेबरोबर क्रांतिकाळातलं गीत वाजवलं. ऑलिंपिकच्या उद्घाटनात मेटल गट वाजण्याची ती पहिलीच वेळ. फेब्रुवारी 2025मध्ये त्याच सादरीकरणाला ग्रॅमी मिळालं. सरावाच्या खोलीपासून तिथवर अठ्ठावीस वर्षं लागली.

पण प्रत्येक गट गोजिरा होणार नाही, आणि बहुतेकांना तसं व्हायचंही नसतं. तीनशे प्रती काढणाऱ्याला ठाऊक असतं, की ते तीनशे जण तबकडी शेवटपर्यंत ऐकतील, शब्द वाचतील, चित्र न्याहाळतील, पत्र लिहितील. माझ्या पाचशेंपैकी किती प्रती वाचल्या गेल्या कोण जाणे, पण ज्या दहा-बारा वाचकांनी पत्रं लिहिली त्यांच्यासाठी मी दुसरा संग्रह लिहिला.

कुणाला ऐकावंसं वाटलं तर माझा एक सल्ला. आधी 'आल्सेस्त'ची 2007 सालची पहिली तबकडी ऐका, मग गोजिराकडे जा. आवाज लहान ठेवा, गाण्याचे शब्द समोर घेऊन बसा आणि पहिली पाच मिनिटं धीर धरा. आवडलं नाही तर बंद करा. आवडलं तर मात्र फुकटात ऐकून थांबू नका, एखादी प्रत विकत घ्या. तीनशेंतली एक प्रत गेली, हे तिथल्या गटाला त्याच दिवशी कळतं.