बोलीतले पाहुणे : लाइन आली, लाइन फुटली

मागच्या आठवड्यात 'फुल' झाला. आज त्याहून खटपट्या पाहुणा, 'लाइन'. इंग्रजी कोशात याचे अर्थ रकानेच्या रकाने भरून वाहतात. मुळात तो लॅटिनमधला जवसाचा धागा, म्हणजे आपल्या अळशीचंच गणगोत. खान्देशात मात्र त्याच्यासाठी कोश उघडावा लागत नाही. पुढचं क्रियापद ऐकलं की उलगडा होतो.

धुळ्याकडच्या शिवारात बांधावरून हाक येते, "नाना, लाईन उनी का?" पलीकडून उत्तर, "उनी, पन लाईन फुटनी!" पहिली लाइन विजेची, दुसरी पाण्याची. वीज फुटत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक, त्यामुळे घोळ होत नाही. लाइन 'आली', 'गेली' म्हणजे वीज, 'टाकली', 'फुटली' म्हणजे पाइप, 'लागली' म्हणजे रेशन दुकानापुढची रांग. आणि 'मारतो' म्हणजे काय, ते कॉलेजच्या कट्ट्यावर विचारा, घरी नको.

यातली विजेची लाइन इथे सगळ्यांत वजनदार. घरात बहुधा 'लाइट' जाते, शेतात 'लाइन'. हा भेद मला फार आवडतो, कारण घराला उजेड हवा असतो आणि मोटारीला तारेतला थ्री फेज. शेतीपंपांना तो आळीपाळीने मिळत आला आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणून 'दिवसाची लाइन' आणि 'रातची लाइन' असे दोन वेगळे जिन्नस तयार झाले. रावेर-यावलच्या केळीला उन्हाळ्यात पाण्याचा खंड चालत नाही, त्यामुळे रातची लाइन असली की घराची झोपही तिच्या वेळापत्रकाने चालते. स्टार्टरला 'ऑटो' बसवून ठेवला की लाइन आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते. पण एखादा फेज उडाला, डीपी जळाली किंवा फ्यूज गेला, तर बॅटरी घेऊन जावंच लागतं. अशा वेळी 'लाइन आहे, पण नाही' असं वाक्य ऐकू येतं. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला ते पटणार नाही. वायरमनला मात्र लगेच कळतं की एक फेज गायब आहे.

ठिबकवाल्या बागेत तर मेन लाइन, सबमेन आणि त्यांच्यापुढे लॅटरल, असं अख्खं कुटुंब पसरलेलं असतं. यातली 'लाइन' कुटुंबप्रमुख, बाकीचे पोटापाण्याला लागलेले.

रेल्वेची लाइन याहून जुनी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६०च्या दशकात भुसावळ गाठलं. चाळीसगावहून धुळ्याला फाटा १९०० साली आला. जळगाव स्टेशनात आजही सुरतेकडची लाइन पश्चिम रेल्वेची आणि मुंबई-भुसावळची मध्य रेल्वेची. प्रवाशाला त्याचं सोयरसुतक नसतं, 'सुरत लाइनला जायचंय' एवढं म्हटलं की पुरे. धुळ्यात मात्र 'लाइन' शब्दाला वाट पाहण्याचा अर्थही चिकटला आहे. मनमाड-इंदूर लाइनची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली ती थेट सप्टेंबर २०२४ मध्ये, १८,०३६ कोटींच्या खर्चासह. कट्ट्यावरच्या गप्पांत 'लाइन कधी?' हा प्रश्न त्यानंतरही सुटलेला नाही.

मराठीने या पाहुणीला स्त्रीलिंगी केलं आणि घरात घेतलं. लाइनी, लाइनीत, लाइनीवर, लाइनशीर. शेवटचा तर निम्मा इंग्रजी, निम्मा फारसी, आणि वापरणाऱ्याला दोन्हीचा पत्ता नाही. शाळेतले सर पोरांना लाइनशीर उभं करतात. सून-मुलाला लाइनीवर आणायची जबाबदारी घरातल्या वडीलधाऱ्यांची. पोलिसांची वस्ती म्हणजे पोलीस लाइन, तिथे कुणी रांगेत उभं नसतं, संसार चाललेले असतात.

आणि एक लाइन लग्नाच्या बैठकीत हमखास निघते. "मुलगा कोणत्या लाइनला?" इथे उत्तर 'सायन्स', 'आयटीआय' किंवा जळगावात 'सोन्याच्या' असं येतं. 'शेती' हे उत्तर आलं की मुलीकडचे चहा संपवतात आणि बाकीची चौकशी थोडी आवरती घेतात. हा अर्थ कोशात 'व्यवसाय' म्हणून सापडेल, पण चहा संपवण्याची घाई तिथे दिलेली नाही.

पुढच्या आठवड्यात 'सेट'.