चावी टेबलावर ठेव

सकाळी ६.००

ऑगस्टातला शनिवार. घर अजून झोपलंय. आल्याचा चहा, लॅपटॉप, चौकटीचे कागद आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसतो. आज दिवसभर एक गेम तपासायचाय. या गेममध्ये चित्रं नाहीत, आवाज नाही. पडद्यावर चार वाक्यं उमटतात, आपण काय करणार ते टाइप करायचं, की पुढची चार वाक्यं येतात. टेक्स्ट ॲडव्हेंचर म्हणतात त्याला. लेखिका इंग्लंडमध्ये राहतात, मी मॅसॅच्युसेट्समधल्या आर्लिंग्टनला. आमची भेट कधी झालेली नाही. १९९५ पासून दरवर्षी भरणाऱ्या इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशनला त्यांना हा गेम पाठवायचाय आणि त्याची मुदत सप्टेंबरअखेर संपते.

माझी पहिली आज्ञा ठरलेली असते : 'स्क्रिप्ट'. तिथून पुढे मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर आणि गेमचं प्रत्येक उत्तर एका फाइलमध्ये नोंदलं जातं. मधेच लेखिकेला काही सांगायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला फुली, म्हणजे तारांकन, घालून लिहायचं. दुसरी आज्ञा 'व्हर्जन'. रिलीज ४, आणि त्यापुढे सहा आकडे : वर्ष, महिना, दिवस. ही पद्धत इन्फोकॉम कंपनीची. त्यांच्या 'झॉर्क १' ची बऱ्याच जणांकडे असलेली आवृत्ती रिलीज ८८, ८४०७२६ अशी आहे. म्हणजे २६ जुलै १९८४. गेम बाजारात आला होता १९८० साली. चार वर्षांनंतरही कुणीतरी त्यातल्या चुका काढत होतं, कुणीतरी त्या दुरुस्त करत होतं. हे सहा आकडे दिसले की मला त्या अनाम माणसांची आठवण येते आणि पाठ आपोआप ताठ होते.

सकाळी ७.१५

आईचा फोन. नाशिकला पावणेपाच वाजलेत, तिचाही चहा चाललाय. मी विचारतो, "आई, समज तू एका परक्या घरात शिरलीस. अंधार आहे. हाताला कंदील लागला. काय करशील?"

"आधी हलवून बघेन, रॉकेल आहे का ते. मग काडेपेटी शोधेन. आणि परक्या घरात कशाला शिरू रे मी?"

फोन ठेवल्यावर मी टाइप करतो : 'शेक लॅम्प'. गेम म्हणतो, तसं करून काही होत नाही. काडेपेटी शोधली, तर असली वस्तू इथे नाही. नुसतं 'लाइट लॅम्प' म्हटलं की मात्र कंदील भप्पकन पेटतो. फुली घालून मी लिहितो : कंदील हलवला तर आत तेल डचमळल्याचा आवाज येऊ द्या. आईने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही, पण कंदील तिने शेकडो वेळा लावलाय.

या प्रकारच्या खेळाची सुरुवातच अशी घरातून झाली. विल क्राउदर हे इथून जवळच, केंब्रिजमधल्या बीबीएन कंपनीत प्रोग्रॅमर होते. त्यांना गुहांमध्ये उतरण्याचा छंद होता, केंटकीतल्या मॅमथ केव्हचे नकाशे करण्याच्या कामातही त्यांचा हात होता. १९७५-७६ च्या सुमारास, घटस्फोटानंतर, मुली भेटायला येतील तेव्हा त्यांना खेळता यावं म्हणून त्यांनी फोरट्रानमध्ये 'ॲडव्हेंचर' लिहिला. कॉम्प्युटरचं काहीही न कळणाऱ्या माणसाला भीती वाटू नये, साध्या शब्दांत बोलता यावं, हा त्यांचा हेतू होता. म्हणून त्या दोन मुलींना मी या कामातल्या पहिल्या टेस्टर मानतो.

सकाळी ८.३०

आता खरं काम. कथा पुढे न्यायची नाही. एकेका खोलीत उभं राहून जे जे सुचेल ते ते करून बघायचं.

स्वयंपाकघरात टेबल आहे, माझ्या हातात चावी. मी टाइप करतो : 'कीप की ऑन टेबल'. गेमला 'कीप' ठाऊकच नाही. खिशातून चिठ्ठी काढायला 'रिमूव्ह लेटर फ्रॉम पॉकेट' म्हणतो, तर उत्तर येतं की तुम्ही ती अंगावर घातलेलीच नाही. गेमच्या लेखी 'रिमूव्ह' म्हणजे कपडे उतरवणं. 'ऑफ द लॅम्प' म्हणजे काय, तेही त्याला कळत नाही.

पूर्वी असं झालं की मी वरमायचो. ठेवणे म्हणजे 'कीप', काढणे म्हणजे 'रिमूव्ह' हे शाळेत पाठ केलेलं, ते बोटांत बसलंय. आपलं इंग्रजी कच्चं, अशी समजूत करून घेऊन मी त्या ओळी फाइलमधून पुसून टाकायचो आणि 'सुधारलेली' फाइल पाठवायचो. एका जुन्या लेखकाने ते ओळखलं आणि मला कळवलं की पुसलेल्या ओळीच मला हव्यात. त्या दिवसापासून एकही ओळ पुसलेली नाही. गेम पुण्यात, लागोसमध्ये, क्राकोमध्ये उघडला जाईल. तिथलं माणूस आपल्या भाषेतूनच इंग्रजीत येणार. ठेवतो म्हणताना 'कीप' लिहिणारा खेळाडू चुकला असं मी आता कबूल करत नाही. दाराशी आलेल्या पाहुण्याची बोली यजमानाला कळायला हवी.

दोन तासांत एक्केचाळीस फुल्या. साडेदहाला फाइल पाठवून देतो, म्हणजे लेखिकेला दुपार मिळेल.

सकाळी ११.००

नकाशा. चौकटीच्या कागदावर खोलीला एक डबा, दाराला एक रेघ. हे मी शिकलो १९९१ मध्ये, पुण्यात इंजिनिअरिंगला असताना. लॅबमध्ये एक युनिक्स मशीन होतं, त्याला जोडलेली पाच-सहा टर्मिनल्स. त्यावर तोच 'ॲडव्हेंचर' होता. क्राउदरांचा मूळ प्रोग्रॅम स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये वाढवला, तो तिथवर पोचला होता. वुड्सना क्राउदरांचा पत्ताही माहीत नव्हता. तेव्हाच्या अर्पानेटवर जेवढी मशीन्स होती त्या सगळ्यांवर 'क्राउदर' या नावाने पत्र टाकून त्यांनी परवानगी मिळवली.

संध्याकाळी प्रॅक्टिकल संपली की आम्ही तिघं एका टर्मिनलला चिकटायचो. एकाने टाइप करायचं, एकाने जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर नकाशा काढायचा, तिसऱ्याने दरवाजाकडे लक्ष ठेवायचं. एका चक्रव्यूहात सगळ्या वाटा अगदी सारख्या होत्या, कुठे आहोत तेच कळेना. शेवटी नकाशा काढणाऱ्या मित्राला सुचलं : प्रत्येक ठिकाणी एकेक वस्तू टाकत जाऊ. इथे किल्ल्या, तिथे अन्न, पुढे पिंजरा. मग वस्तूवरून जागा ओळखू येऊ लागली. लॅब असिस्टंट दिवे मालवायला आले, आमचं पान बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दहा मिनिटं घ्या अजून." ते पान माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलंय.

आजच्या गेममध्ये विहिरीकडून उत्तरेला गेलो आणि दक्षिणेला वळलो, तर विहिरीशी न येता कोठारात पोचलो. वाट वळणाची आहे असं लिहिलं असतं तर चाललं असतं. फुली.

दुपारी १२.३०

पोळी, दुधीची भाजी, दही. वीस मिनिटं डोळे मिटून.

दुपारी १.१५

विहीर, बादली, दोर. दोर बादलीला बांधायचा, बादली खाली सोडायची, तळाची पेटी वर काढायची, असं हे कोडं. तेवढं मी पाच मिनिटांत केलं आणि गेम खूश झाला. मग पुन्हा मागे आलो. दोर बादलीला बांधला, पण बादली सोडलीच नाही. कंदिलाने दोर पेटवला. 'दोर जळून राख झाला.' छान. बादली पाहिली : 'बादलीला दोर घट्ट बांधलेला आहे.' बादली विहिरीत सोडली, ती सुरळीत खाली गेली आणि पेटीही वर आली.

लेखिकेने इथे निष्काळजीपणा केलेला नाही. दोर आहे की नाही हे एका जागी नोंदलंय, बांधलाय की नाही हे दुसऱ्या जागी, आणि जळण्याच्या ओळींना बांधण्याची खबर नाही. दहा वस्तू आणि दहा क्रिया म्हटल्या तरी जोड्या शंभर होतात, आणि दोन वस्तूंची क्रिया आली की हजार. लिहिणारा त्यातली आपल्या मनातली एक वाट बघतो. उरलेल्या वाटांवरून चालायला दुसरं माणूस लागतं.

कधी कधी अशा चुकीतून सोनं निघतं. 'झॉर्क' मुळात १९७७ मध्ये एमआयटीत चौघांनी लिहिला : टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग. त्यांनी कुठे जाहिरात केली नव्हती, पण त्यांच्या पीडीपी-१० मशीनवर नेटवर्कवरून कुणीही डोकावू शकायचं. लोकांनी गेम शोधला आणि रात्र-रात्र खेळू लागले. सुरुवातीला अंधारात चाललात तर अथांग खड्ड्यात पडून मरायचात. मग लक्षात आलं की घराच्या माळ्यावर अंधार असेल तर तिथेही माणूस अथांग खड्ड्यात पडतो! खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर शाबूत आणि वर अथांग खड्डा. तेव्हा लेबलिंग यांनी खड्डे काढून टाकले आणि अंधारात दबा धरणारा 'ग्रू' आणला. या खेळांच्या जगात आज सगळ्यांत प्रसिद्ध असलेलं हे जनावर एका तक्रारीतून जन्मलंय.

दुपारी ३.३०

पाय मोकळे करायला मिनिटमन बाइकवेवरून एलवाइफ स्टेशनपर्यंत. तिथून केंब्रिजपार्क ड्राइव्ह दोन पावलांवर. इन्फोकॉम १९७९ मध्ये एमआयटीतल्याच मंडळींनी काढली. त्यांच्या जुन्या खोक्यांवर ५५, व्हीलर स्ट्रीट हा पत्ता दिसतो, नंतरच्या खोक्यांवर १२५, केंब्रिजपार्क ड्राइव्ह. मी १२५ नंबरसमोर जरा वेळ थांबतो. ऑफिसांची इमारत आहे, गेमची कसलीही खूण नाही.

इथल्या टेस्टरांच्या गोष्टी मला कथांपेक्षा जवळच्या वाटतात. माइक डॉर्नब्रुक 'झॉर्क' तपासायला कॉम्प्युटर राहत्या घरी आणायचे. त्यांच्याच घरात राहणारे स्टीव्ह मेरेट्झकी हे एमआयटीतून बांधकाम व्यवस्थापन शिकलेले. ते डॉर्नब्रुक नसताना हळूच खेळून बघायचे. डॉर्नब्रुक बिझनेस स्कूलला गेले आणि १९८१ मध्ये 'डेडलाइन' तपासायचं काम मेरेट्झकींकडे आलं. दोन वर्षांत त्यांनी स्वतःचा 'प्लॅनेटफॉल' लिहिला. एमी ब्रिग्ज १९८५ मध्ये टेस्टर म्हणून आल्या आणि १९८७ मध्ये त्यांचा 'प्लंडर्ड हार्ट्स' आला. हजारो वेळा गेमशी बोलून गेम कुठे बहिरा आहे हे ज्यांना कळलं, त्यांनीच मग नीट ऐकणारे गेम लिहिले.

डॉर्नब्रुकनी आणखी एक केलं. अडकलेल्या खेळाडूंची पत्रं यायची, ती सांभाळायला त्यांनी झॉर्क युजर्स ग्रुप उभा केला. त्यातूनच 'इन्व्हिजिक्लूज' या पुस्तिका निघाल्या. उत्तरं अदृश्य शाईत छापलेली, सोबत एक खास पेन. पेन फिरवलं की एकच ओळ उमटायची, आधी नुसता इशारा, मग स्पष्ट खूण, शेवटी उत्तर. काही प्रश्न तर मुद्दाम खोटे घातलेले, म्हणजे नुसते प्रश्न वाचून पुढची कथा फुटू नये. अडलेल्या माणसाला इतक्या हळुवारपणे मदत करणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

संध्याकाळी ५.३०

परतलो तर मेल आलेला. रिलीज ५. लेखिकेने दुपारभर काम करून माझ्या सकाळच्या बहुतेक फुल्या मिटवल्या आहेत. कंदील हलवला : आत तेल डचमळतं. आईला कळवायला हवं.

आता उलटी फेरी, शेवटाकडून सुरुवातीकडे. ही मी कधीच सोडत नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक गेम मी तपासला होता. सरळ वाटेने तीनदा खेळलो आणि 'ठीक आहे' असं कळवलं. स्पर्धेत कळलं की पेटीआधी पत्र वाचलं तर एक दार कायमचं बंद होतं आणि गेम पुरा होऊच शकत नाही. परीक्षकांनी पहिल्या दोन तासांच्या खेळावर गुण द्यायचे असतात, आणि त्यांतल्या कित्येकांचे दोन तास त्या बंद दारापाशी गेले. लेखकाने त्यात वर्ष घातलं होतं. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. चूक माझी होती, आणि ती मला अजून डाचते.

रात्री ८.१५

जेवण उरकून अहवाल. आधी गेम अडवणाऱ्या चुका, मग खोटं सांगणाऱ्या, मग शब्दांच्या. जिथे हसलो, जिथे अंगावर काटा आला, तेही लिहितो. लेखकाला जपायचं काय, हेही कळायला हवं.

इन्फोकॉमच्या जुन्या गेमना १२८ केबीची मर्यादा होती. टेस्टरने सुचवलेलं प्रत्येक गोड उत्तर त्या डब्यात कोंबावं लागे, नाहीतर दुसरं काहीतरी काढावं लागे. आज तसं बंधन नाही, म्हणून मी हात आखडत नाही.

रात्री १०.३०

निजण्याआधी एकदा सुरुवातीपासून. 'कीप की ऑन टेबल'. गेम चावी टेबलावर ठेवतो. मी ती उचलतो आणि पुन्हा ठेवतो. 'रिमूव्ह लेटर फ्रॉम पॉकेट'. चिठ्ठी हातात येते.

मग दिवाणखान्यात जाऊन मी अंगातला ओला कोट काढू बघतो : 'रिमूव्ह कोट'.

'कोट कशातून काढायचा?' गेम विचारतो.

सकाळी हे चालत होतं. चिठ्ठी दुरुस्त करताना कोट बिघडला. मी नवी ओळ घेतो, फुली घालतो आणि लिहितो : कोट अंगात आहे, अंगातून काढायचा.